टॅबचं बटण आणि सासरचं नाव

चौतीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलेल्या माणसाला एक बटण धड दाबता येत नाही, अशी बातमी आमच्या नल्लकुंटा वस्तीत पसरली तेव्हा मी अजून घरातच होतो. मला ती कळली कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याकडून. "साब, वो टॅब का क्या हुआ?" असं त्याने विचारलं आणि न मागता चटणी जास्त घातली. सहानुभूती चटणीपर्यंत आली की समजावं, प्रकरण आपल्या हातात राहिलेलं नाही.

खरं म्हणजे काम पाच मिनिटांचं होतं. आमच्या घरात आजवर जी जी कामं वर्षभर चालली, ती सगळी मुळात पाच मिनिटांचीच होती.

सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमचं मराठी वाचन मंडळ आहे. सात हजार पुस्तकं, एकशेबारा सभासद आणि एक पंखा. माझी बायको मालती तिथली एकोणतीस वर्षांची मानद ग्रंथपाल. मानद म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात मानद माणूस आहे त्यांना सांगायला नको. तर गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाहून परतताना ही ऑटोतून उतरताना पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं रुसली ती रुसलीच. पेन धरलं की दोन ओळींत हात थरथरायला लागतो.

पुढे एका संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष हिम्मतराव घरी आले. कोठी बाजारात त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे. माणूस मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. चहा बशीत ओतून घेत म्हणाले, "वैनी, आता आराम करा की. कशाला जिवाला त्रास करून घ्यायलाव? ती प्रियदर्शिनी मास्तरीण तयार आहे. तुम्ही निस्तं खुर्चीवर बसून सांगा, ती करंल."

त्यांनी हे मायेनं म्हटलं, यात मला शंका नाही. मालती म्हणाली, "या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभा आहे ना? तिथं मी स्वतः कंप्युटर चालवून दाखवते. नाही जमलं तर किल्ल्या तिथंच टेबलावर ठेवीन."

हिम्मतराव गेल्यावर तिने कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, डाव्या हाताने एकेक किल्ली पदराला पुसली आणि परत कमरेला खोचला. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला रडताना तीनदा पाहिलंय, आणि तिन्ही वेळा आधी ती अशीच काहीतरी पुसत बसली होती. त्याच क्षणी मी ठरवलं, की या किल्ल्या हिच्या कमरेवरून जाऊ द्यायच्या नाहीत. सगळ्या उत्पाताचं मूळ माझ्या या निर्धारात आहे.

आता कंप्युटरबद्दल थोडं सांगायला हवं. माझा पुतण्या चेतन गच्चीबोलीला एका कंपनीत आहे. त्याने स्वतःचा जुना लॅपटॉप मंडळाला दिला (सभेपर्यंत तो सरावासाठी आमच्याच घरी होता) आणि त्यात पुस्तकं शोधण्याची सोय करून दिली. सोय अशी: एक काळी खिडकी उघडते. तिच्यात हुकूम लिहायचा, पुढे पुस्तकाच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहायची आणि टॅबचं बटण दाबायचं. बाकीचं नाव यंत्र स्वतः पुरं करतं. मग एंटर दाबलं की पुस्तक कोणत्या कपाटात आहे, कुणाकडे गेलंय, सगळं समोर. एका हाताच्या माणसाला टॅब म्हणजे दुसरा हातच.

पण चेतन आमच्या घराण्यावर गेलेला. सगळं सविस्तर. त्याने हुकमाचं नाव ठेवलं होतं इंग्रजी अक्षरांत वाचनमंडळ, मग खालची रेघ, मग पुस्तक, परत रेघ, मग शोध. तेही टॅब पुरं करायचा, नाही असं नाही, पण प्रत्येक फाट्यावर थांबायचा. पुस्तक की सभासद? शोध, द्या की घ्या? प्रत्येक ठिकाणी एक अक्षर टाकून त्याला वाट दाखवावी लागे. मालती डाव्या हाताच्या एका बोटाने ते करायची, आणि निम्म्या वाटेत बोट घसरलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, यावर उपाय आहे. चेतनने दिलेल्या छापील कागदांत एक प्रकरण होतं, मोठ्या हुकमाला आपल्या सोयीचं छोटं नाव कसं द्यावं. या नावाला त्यांच्यात अलायस, म्हणजे उर्फ, म्हणतात. हा शब्द वाचून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं, कारण कोर्टात मी हजारो प्रतिज्ञापत्रं टाईप केली आणि त्यातले निम्मे लोक अलायसवाले होते. शिवाय टंकलेखनाचा माणूस म्हणून मी एक बारकाई केली, जी चेतनला जन्मात सुचली नसती. छोटी नावं मी फक्त डाव्या हाताच्या अक्षरांची ठेवली. शोधायला एस आणि डी. पुस्तक द्यायला डी आणि ई. परत घ्यायला जी आणि ई. टॅब तर डावीकडेच. एंटरला तेवढा हात ओलांडून न्यायचा. मालतीने कीबोर्डकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं सुचलं तुम्हाला." हे वाक्य आमच्याकडे साधारण दहा वर्षांतून एकदा उच्चारलं जातं. मी दिवसभर ताठ चालत होतो.

तो ताठा संध्याकाळपर्यंत टिकला. भाजीपाल्यावरचं एक पुस्तक शोधायचं म्हणून मी एस-डी टाकलं, पुढे बी-एच टाकलं आणि ऐटीत टॅब दाबला. यंत्राने भाजीपाला बाजूला ठेवून माझ्यापुढे मालतीचं आधार कार्ड धरलं.

हे कसं, ते सांगायला पाहिजे. मालतीचं माहेरचं नाव भामा. लग्नात आमच्याकडे नाव बदलायची पद्धत. मी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मालती' लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सगळ्या जगाला मालती. पण शाळेच्या दाखल्यावर भामा, म्हणून आधार कार्डावर भामा. यंदा संस्थांची नोंदणी होते त्या कचेरीत मी मंडळाच्या कार्यकारिणीचा फॉर्म घेऊन गेलो, तर तिथल्या साहेबांनी तो परत दिला. म्हणाले, ग्रंथपाल मालती, कार्ड भामाचं, ये दोनो औरतां कौन? मी म्हटलं, साहेब, एकच आहे, माझीच आहे. ते म्हणाले, आप के बोलने से नै होता, कार्ड पे जो है वोच लिखो, सभा में पढो, सब की सही लेके आओ. तो फॉर्म भरण्यासाठी मी तिचं कार्ड स्कॅन करून भामा याच नावाने त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं. टॅबला पुस्तकं दिसेनात, म्हणून त्याने हाताला लागेल ते पुढे केलं. त्या फोल्डरमध्ये बी-एचनं सुरू होणारी तेवढी एकच वस्तू होती.

मोठं नाव टाकलं की टॅब पुस्तकं दाखवी. छोटं नाव टाकलं की आधार कार्ड. यावरून बटण चांगलं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण वरच्या मजल्यावर दिलीपराव राहतात. ते बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि जगातली प्रत्येक अडचण ही ग्रीस नसल्यामुळे येते असं त्यांचं मत आहे. त्यांनी लॅपटॉप कानाशी धरून टॅब चारदा दाबला. म्हणाले, "हौ, बसलंय. आतून घाण हाय."

"पण मोठ्या नावाला चालतंय," मी म्हटलं.

"मोठ्या नावाला जोर जास्त लागतो न, म्हणून चालतंय," दिलीपराव म्हणाले. या उत्तरात कुठेतरी चूक होती, पण ती मला सापडेपर्यंत त्यांनी चमच्याच्या दांड्याने टॅब उपटला होता. त्याच्याखालून एक तीळ निघाला. तो त्यांनी तळहातावर घेऊन मला असा दाखवला, की मी क्षणभर गुन्हेगारच झालो. बटण मात्र परत बसेना.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून मी सुलतान बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. भिंग डोळ्याला लावून त्याने बटण दोन मिनिटांत बसवलं. मी त्याला सगळी हकिकत सांगितली, छोटं नाव, मोठं नाव, आधार कार्ड. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बटन अच्छाच है साब," तो म्हणाला. "बटन कू कैकू मारते? ये अंदर का मामला है." जाताना त्याने शेजारच्याला ती हकिकत सांगितलेली मी पाठमोरा असताना ऐकली. शेजारचा खूप वेळ हसत होता.

तळमजल्यावर भाग्यलक्ष्मी राहते. तेलुगू मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. तिला मी जिन्यात गाठलं. तिने माझं सगळं ऐकून स्वतःच्या लॅपटॉपवर एक छोटं नाव तयार केलं, टॅब दाबला, आणि सगळं सुरळीत पुरं झालं. "देखो अंकल, हमारी मशीन में ऐसा होताच नै," ती म्हणाली. त्यांच्या मशीनमधल्या काळ्या खिडकीची जात वेगळी असते, ती छोट्या नावाच्या मागचं मोठं नाव आपणहून ओळखते, असंही तिने समजावलं. मला ते पटलं. पण शेजाऱ्याच्या घरात पाणी येतं या माहितीनं आपली बादली भरत नाही.

शेवटी चेतनला फोन लावला. हे मी आधीच का केलं नाही, असं मालतीने विचारलं. आता पुतण्याला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, आणि ते टाळण्यासाठीच तर मनुष्य दिलीपरावांकडे जातो.

"काका, सिंपल आहे," चेतन म्हणाला. "तुम्ही नवीन नाव दिलं, पण त्या नावाला टॅबवर काय दाखवायचं ते कुणी सांगितलंच नाही. यंत्र आपणहून नाही समजत. मोठ्या नावाला जे फंक्शन, म्हणजे नाव पुरं करायची युक्ती, लावलंय, तेच छोट्याला लाव, अशी एक लाइन टाकायची, बस. मी मेसेज करतो. आणि काका, रविवारपर्यंत ऑफिसात माझं रिलीज आहे, फोन सायलेंट राहील हां."

ओळ आली. मी ती अक्षर न अक्षर ताडून टाईप केली. तेवढं तरी मला येतं. एस-डी, बी-एच, टॅब. भाजीपाला! आधार कार्ड गेलं आणि पुस्तकांची रांग लागली. मालतीने लगेच दुसरं नाव शोधलं, मग तिसरं. डाव्या हाताचं बोट टपटप पडत होतं आणि तिच्या चेहऱ्यावर, काय सांगू, वाचनालय नुकतंच उघडलंय अशी कळा होती. त्या दुपारी मी दिलीपराव, भाग्यलक्ष्मी, इडलीवाला आणि फोनवर हिम्मतराव, सगळ्यांना विजयाची वार्ता कळवली. माणसानं कोणतीही आनंदाची बातमी सांगण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

बुधवारी सकाळी लॅपटॉप सुरू केला, एस-डी टाकलं, टॅब दाबला. यंत्राने उत्तर दिलं, की फंक्शन सापडत नाही. मी पुन्हा दाबला. फंक्शन सापडत नाही. मी चेतनची ओळ ताडून पाहिली, ती जागच्या जागी होती. हताश होऊन लॅपटॉप तसाच सोडला, दुपारी सहज दाबला, तर सुरळीत चालू. गुरुवारी सकाळी परत बंद. दुपारी चालू.

मी कोर्टाचा माणूस. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. मी एक वही केली आणि रकाने आखले: दिनांक, वेळ, निकाल, शेरा. दिलीपरावांनी ती पाहून सकाळी व्होल्टेज कमी असतं असा निर्णय दिला. भाग्यलक्ष्मीच्या आईने पंचांग आणून राहुकाळ ताडला. बुधवारी राहुकाळ दीडला संपतो, त्याच्यानंतरच यंत्र चाललं होतं, म्हणजे राहुकाळात ते दबून असतं. गुरुवारी मात्र चाललं ते ऐन राहुकाळात. त्यावर त्या म्हणाल्या की गुरुवारचं काही सांगता येत नाही. शुक्रवारी मी चेतनची ओळ आणखी तीनदा लिहून ठेवली. कोर्टात एक अर्ज पुरला नाही की आपण त्याच्या तीन प्रती जोडतो, त्याच हिशेबाने. शनिवारी सकाळी यंत्राने फंक्शन सापडत नाही असंच सांगितलं, आणि सभा दुसऱ्या दिवशी होती.

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे बसलो, पण भात नुसता चिवडला. मालतीने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि म्हणाली, "ती वही आणा इकडं."

ती वही वाचत बसली. तिचं वाचन म्हणजे एकोणतीस वर्षांचं ग्रंथपालाचं वाचन, मजकुराआधी ती समास वाचते. निकालाचा रकाना तिने पाहिलाच नाही. ती शेरे वाचत होती.

"हे बघा," ती म्हणाली. "बुधवार दुपार, शेरा: सौ. जुन्याच पद्धतीने काम करीत होती, तिला उठवून प्रयोग केला. गुरुवार दुपार, शेरा: सौ. परत आलेली पुस्तके मोठ्या नावाने नोंदवीत होती, नंतर प्रयोग. सकाळच्या प्रयोगांना शेरा काय?"

"काही नाही. सकाळी मी उठून थेट एस-डी टाकतो."

"तेच तर. उठल्या उठल्या त्याला नव्या नावाने हाक मारता. आधी एकदा जुन्या नावाने मारून बघा."

मला पटलं नाही, पण माझं पटणं संपलेलंच होतं. यंत्र बंद करून सुरू केलं. तिने आधी मोठं नाव घेतलं, फाट्याफाट्यावर थांबत. पुढे दोन अक्षरं, टॅब. पुस्तकं दिसली. मग एस-डी, दोन अक्षरं, टॅब. दिसली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा तसंच. सहा वेळा केलं आणि सहाही वेळा चाललं. पुढे चेतनने सांगितलं ते असं, की ते फंक्शन मोठ्या नावाच्या खोलीत ठेवलेलं असतं आणि मोठ्या नावावर टॅब दाबेपर्यंत यंत्र ती खोली उघडतच नाही. एकदा उघडली की मग ती खिडकी बंद होईपर्यंत कोणत्याही नावाने बोलवा.

"तुला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"मला न सुचायला काय झालं? आपल्या लग्नानंतर मला कानाच्या डॉक्टरकडं नेलं होतं, विसरलात?"

विसरलो नव्हतो. त्या वेळी आम्ही जामबागेत राहायचो. आई स्वयंपाकघरातून "मालती, मालती" हाका मारायची आणि नवी सून खिडकीशी ढिम्म उभी. आठ दिवसांत आळीभर झालं की मधुकरची, म्हणजे माझी, बायको बहिरी आहे, तिच्या माहेरच्यांनी फसवलं. वडिलांनी मला तिच्याबरोबर कोठीत कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी दोन्ही कान तपासून एकदम उत्तम म्हणून लिहून दिलं, त्यामुळे तर ती मुद्दाम ऐकत नाही अशी समजूत झाली. मग तिचा भाऊ विकास तिला न्यायला आला. त्याने दारातूनच "भामाक्का" अशी हाक मारली आणि ही मागच्या अंगणातून धावत आली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने मालतीलाही ओ दिली.

"मला ऐकू येत होतं," ती आता म्हणाली. "पण ती हाक मला आहे हे कळायचं नाही. विकासनं भामाक्का म्हटलं की मी जागी व्हायची. मग मालती म्हणा, काही म्हणा."

बेचाळीस वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरकडे मी स्वतः तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, आणि डॉक्टरांना लक्षणं मीच सांगितली होती.

रविवारी सभेला पस्तीस माणसं आली, म्हणजे इतिहासातली सर्वात मोठी उपस्थिती. टॅबची कीर्ती नल्लकुंट्याबाहेर गेली होती. प्रियदर्शिनी मास्तरीण पुढच्या रांगेत अवघडून बसली होती. हिम्मतराव म्हणाले, "वैनी, मीच सांगतो पुस्तक. आमच्या बापानं गाव सोडून शहरात येताना चार पुस्तकं दिली होती इथं. त्यातलं एक, गव्हावरचा तांबेरा. काढून दाखवा."

मालतीने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि लॅपटॉप सुरू केला. मग बोट उचललं आणि मोठं नाव लिहायला घेतलं. वाचनमंडळ. थांबली. पुस्तक. थांबली. बोट घसरलं, ओळ पुसली, पुन्हा पहिल्यापासून. एकमेकांकडे बघावं लागू नये म्हणून लोक भिंतीकडे बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही शोधत नाहीये, ही अजून फक्त हाक मारतेय. पण तिने मला सकाळीच बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्यांदा बोट घसरलं तेव्हा हिम्मतराव हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी. आमाला माहीत हाय तुम्ही किती केलंय ते." त्यांचा हात जुडग्याकडे गेला, मदत म्हणूनच. मालतीने मान वर न करता डाव्या हाताने जुडगा स्वतःकडे ओढला आणि बोट परत कीबोर्डवर आणलं. शोध. दोन अक्षरं. टॅब.

पुस्तकांची रांग लागली. तिने ती पाहिलीसुद्धा नाही. ओळ पुसली आणि एस-डी टाकलं, पुढे जी, ए, व्ही. सगळी डाव्या हाताची अक्षरं. टॅब. 'गव्हावरचा तांबेरा' असं अख्खं नाव एका दमात उमटलं. हात ओलांडून तिने एंटर दाबलं आणि समोर आलेली माहिती मोठ्यानं वाचली.

"कपाट क्रमांक चार. पुस्तक जागेवर नाही. सन दोन हजार नऊपासून हिम्मतराव यांच्याकडे."

आधी दिलीपराव हसले, मग सगळी खोली. हिम्मतरावांचा चेहरा पडला आणि मग तेही हसायला लागले, पण डोळे त्यांनी रुमालाने टिपले ते हसण्यामुळे नव्हतं. "बापाची सही हाय त्याच्यावर," ते म्हणाले. "ते दुकानातच हाय, गल्ल्याच्या मागं. परत द्यायला जीव होईना." मालती म्हणाली, "ठेवा. मुदत वाढवून देते." डी-ई, टॅब, एंटर. ते काम पाच सेकंदांचंही नव्हतं. हिम्मतरावांनी जुडगा उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्या पुढे ठेवला. प्रियदर्शिनी मास्तरीण सर्वात जोरात टाळ्या वाजवत होती. सुटल्यासारखी दिसत होती बिचारी.

मग राहिला कचेरीचा फॉर्म. हिम्मतराव वाचू लागले, "ग्रंथपाल, श्रीमती भामा मधुकर." लगेच मागून कुणीतरी म्हणालं, "ही कोण? आत्ताच तर मालतीबाईंना किल्ल्या दिल्या." दुसरं कुणी म्हणालं, भामा नावाचं कुणी सभासदच नाही. कुजबूज वाढली. मला कळलं की हे तिनं सांगायचं नाही. नाव मी बदललं होतं. मी उभा राहिलो आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलावं तसं बोललो, की भामा आणि मालती ही एकच व्यक्ती, जे भामाला येतं ते सगळं मालतीला येतं, आणि हे मी बेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं, ते आज सांगतो. पस्तीस जणांनी सह्या केल्या. वाटलं होतं ती रागावेल. ती पदराने लॅपटॉपचा पडदा पुसत बसली होती.

सोमवारी चेतनने आणखी एक ओळ पाठवली. ती टाकली की मोठ्या नावाची खोली सकाळी आपोआप उघडते, मग थेट एस-डी टाकलं तरी चालतं. मी ती टाकायला बसलो, तर मालती म्हणाली, "नको. दिवसातून एकदा जुन्या नावानं हाक मारायला काय जातं?" आणि भाजी निवडायला आत गेली.

मी त्या काळ्या खिडकीकडे बघत बसलो. मी तिला घरात कायम 'अगं' म्हणत आलो, आणि चारचौघांत मालती. तिसऱ्या नावाची आमच्यात सवय नव्हती, आणि सदुसष्टाव्या वर्षी नवी सवय लावणं सोपं नसतं. पाणी प्यायलो. मग बसल्या जागेवरून हाक मारली.

"भामा."

आत काही हालचाल नाही. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "भामा." तरी नाही. इतक्या वर्षांत ते नाव तिचंच राहिलं नसेल तर? मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती पाटावर बसून मेथी निवडत होती, डाव्या हाताने, एकेक पान. मी चाचरत म्हटलं, "मालती, ऐकू आलं नाही का?"

"पहिल्यांदाच ऐकू आलं," ती मान वर न करता म्हणाली. "परत एकदा ऐकायचं होतं."